‘काळीज झाडावरच राहिलं’: एकाच गोष्टीची वेगवेगळी रूपं कशी वाचायची

भाचीला झोपवताना मी माकड आणि मगरीची गोष्ट सांगत होते. माकड पाण्याच्या मधोमध पोचलं, मगरीच्या पोटातलं ओठावर आलं आणि माकड म्हणालं, "अरे देवा, काळीज तर मी झाडावरच ठेवून आलो!" पोरगी ताडकन उठून बसली. "मावशी, काळीज काढलं तर ते मरेल ना?" मी म्हटलं, "मगरीला कुठे माहीत होतं ते?" "मगर एवढी बावळट नसते. मोबाइलवरच्या गोष्टीत ती सॉरी म्हणते आणि ते दोघं परत फ्रेंड होतात." मग तिने तो प्रश्न टाकला, ज्याच्यापायी मी पुढचे कित्येक महिने पुस्तकं उघडून बसले: "खरी कुठली? तुझी की मोबाइलवरची?"

एकाच गोष्टीची दोन-तीन रूपं समोर आली की आपण सगळेच इथे अडतो. कुठलं बरोबर, कुठलं बिघडलेलं, असा निवाडा करायला लागतो. त्यापेक्षा फरक कसे पकडायचे आणि ते काय सांगतात हे शिकलं तर गंमत खूप वाढते. त्यासाठी संस्कृत किंवा पाली यायला हवं असं नाही. एक वही हवी आणि थोडा चिवटपणा. मी ज्या क्रमाने शिकले त्याच क्रमाने सांगते. गोष्ट हीच धरू, कारण ती तुम्हाला येतेच.

पहिली पायरी: आधी आपली गोष्ट लिहून काढा

पुस्तक उघडण्याआधी, कुणाला न विचारता, तुम्हाला आठवते तशी गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहा. एकदा दुसरं रूप वाचलं की आपलं रूप आठवणीतून पुसलं जातं. नंतर कितीही डोकं खाजवलं तरी आपल्या गोष्टीत जांभूळ होतं की आंबा, हे खात्रीने सांगता येत नाही.

लिहिताना भाषेशी कुठे अडखळता तेही बघा. मराठीत माकड ‘ते’ आणि मगर ‘ती’. मग मगरीची बायको कुठून आणायची? संस्कृतात ‘मकर’ पुल्लिंगी, त्यामुळे मकर आणि त्याची बायको हे सरळ जमतं. मराठीत सांगणाऱ्याला काहीतरी शक्कल लढवावी लागते. आमच्या आजीने ‘मगरोबा’ केला होता, त्याची बायको ‘मगरीण’. काही जण मगरीलाच ‘तो’ म्हणून मोकळे होतात. काही जण बायकोला काढूनच टाकतात आणि मगरीला स्वतःलाच माकडाचं काळीज खावंसं वाटतं. व्याकरणाच्या एका अडचणीतून गोष्टीतलं एक आख्खं पात्र गळून पडतं. असे फरक कुणी ठरवून केलेले नसतात, म्हणून ते टिपायला जास्त मजा येते.

दुसरी पायरी: गोष्टीचा कणा कुठला ते ठरवा

आता विचारा: यातलं काय बदललं तर गोष्टच उरणार नाही? मगरीच्या जागी कासव आलं तर चालतं. नदीच्या जागी समुद्र चालतो. बायको नसली तरी चालतं. माकडसुद्धा नसलं तरी चालतं, कोरियात ससा आहे. न बदलणारं फार थोडं उरतं: जमिनीवरच्या प्राण्याला पाण्यातला प्राणी गोड बोलून पाण्यात नेतो, त्याच्या शरीराच्या आतला एक अवयव हवा असतो, आणि तो प्राणी म्हणतो, "तो अवयव मी मागे ठेवून आलोय, परत चल."

हा झाला कणा. बाकी सगळं अंगावरचे कपडे.

कणा ठरवला नाही तर घोटाळा कसा होतो, याचं उदाहरण जातककथांतच, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या पाली गोष्टींतच आहे. ५७ क्रमांकाच्या वानरिंद जातकातही माकड आहे, मगर आहे, मगरीच्या बायकोला माकडाच्या काळजाचे डोहाळेही लागलेत. पण तिथे मगर नदीतल्या खडकावर दबा धरून पडते. रोजच्यापेक्षा खडक उंच दिसतोय हे माकड हेरतं आणि मुद्दाम खडकाला हाका मारतं: "अरे खडका, आज बोलत का नाहीस?" मगरीला वाटतं, खडक रोज उत्तर देत असणार, म्हणून ती ओ देते आणि पकडली जाते. पात्रं तीच, कणा वेगळा. ही वेगळी गोष्ट आहे, आपल्या गोष्टीचं रूप नव्हे. (अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातलं माकडही आपलं नाही बरं का, ते महाकपी जातकातलं. मी स्वतः तिथे उभी राहून सोबतच्यांना मोठ्या आत्मविश्वासाने चुकीची गोष्ट सांगितली आहे.)

तिसरी पायरी: वहीत रकाने पाडा

माझ्या वहीत सात रकाने आहेत: पाण्यातला प्राणी, झाड, अवयव, तो का हवा आहे, सबब, शेवट, आणि ही गोष्ट कोण कुणाला कशासाठी सांगतंय. सुरुवातीला पाचच होते. ‘सबब’ आणि ‘कोण कुणाला’ हे दोन नंतर घातले आणि तेच सगळ्यात कामाचे निघाले.

पहिली ओळ जातकाची भरू. सुंसुमार जातक, क्रमांक २०८. हिमालयाच्या बाजूला गंगेच्या वळणावर एक धिप्पाड माकड राहतं. ते म्हणजे बोधिसत्त्व, पूर्वजन्मीचे बुद्ध. सुसरीच्या बायकोला त्याचं काळीज खाण्याचे डोहाळे लागतात. सुसर माकडाकडे येऊन म्हणते, पलीकडच्या तीरावर आंबे, जांभळं, फणस लगडलेत, चल माझ्या पाठीवरून. मैत्री वगैरे काही नाही. हे सरळ आमिष आहे आणि माकड त्याला भुलतं. मध्यावर सुसर पाण्याखाली जायला लागते, तेव्हा खरं काय ते कळतं. मग सबब: "आम्ही फांद्याफांद्यांवरून उड्या मारतो. काळीज आत असतं तर त्याचे तुकडे तुकडे झाले असते. ती बघ आमची काळजं, त्या उंबरावर लटकतायत." सुसर बघते, तर पिकलेल्या उंबरांचे घोस.

इथे थांबा आणि उंबराचं झाड डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडे दत्ताच्या देवळापाशी, नदीकाठी हे झाड हमखास असतं. त्याची फळं डहाळ्यांच्या टोकाला येत नाहीत, खोडाला आणि जाड फांद्यांना थेट चिकटून घोसाने येतात आणि पिकली की लालसर होतात. लांबून, पाण्याच्या पातळीवरून बघितलं तर खोडावर काहीतरी मांसल लटकतंय असंच वाटेल. हे ज्याने रचलं त्याने झाड नीट बघितलेलं होतं. सांगली जिल्ह्यात कृष्णेकाठी औदुंबर नावाचंच गाव आहे आणि तिथल्या नदीत मगरी आजही आहेत. घाटावर उभं राहून हे जातक आठवलं की माकडाची सबब एकदम पटते.

चौथी पायरी: एकाच पुस्तकातले दोन थर वेगळे करा

ही पायरी थोडी अवघड आहे, पण सोडू नका. जातकात गाथा असतात आणि त्यांच्याभोवती गद्य असतं. गाथा म्हणजे श्लोक, त्या जुन्या. गद्य नंतरच्या टीकेचा, म्हणजे गाथा समजावून सांगणाऱ्या लिखाणाचा भाग. सुंसुमार जातकातली माकडाची गाथा अशी:

अलं एतेहि अम्बेहि जम्बूहि पनसेहि च।
यानि पारं समुद्दस्स वरं मय्हं उदुम्बरो॥

पाली न येणाऱ्यालाही निम्मं कळतं. पुरे झाले हे आंबे, जांभळं आणि फणस, पलीकडच्या तीरावरचे, मला माझा उंबरच बरा. पण पलीकडचा तीर कशाचा? ‘समुद्दस्स’, समुद्राचा. गद्यात तर गंगा होती! म्हणजे गाथेतल्या माकडासमोर समुद्र आहे आणि गद्य सांगणाऱ्याने त्याला गंगेकाठी आणून बसवलंय. एकाच पानावर गोष्टीची दोन रूपं एकमेकांना चिकटून बसली आहेत. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा छपाईची चूक समजून पुढे गेले होते. तसं करू नका. जिथे शिवण उसवलेली दिसते तिथेच बोट घालायचं.

पंचतंत्रातही समुद्रच आहे. त्याच्या चौथ्या तंत्राची, म्हणजे भागाची, सुरुवात ‘समुद्रोपकण्ठे’, समुद्राकाठी, असलेल्या जांभळाच्या झाडाने होते. तुमच्या पहिल्या पानावर नदी आहे ना? माझ्याही होती. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक मराठी बालपुस्तकांत नदीच आहे, कारण आपल्याला मगर म्हटली की नदी दिसते. संस्कृतातला ‘मकर’ मात्र समुद्रातला, अर्धा पुराणातला प्राणी. आणि पालीतला ‘सुंसुमार’, संस्कृतातला ‘शिशुमार’, तोच झिजत झिजत मराठीत ‘सुसर’ झाला. हिंदीत त्याच शब्दापासून ‘सूंस’ झालं आणि तो आहे गंगेतला डॉल्फिन. तेव्हा प्राण्याचं नाव वाचलं की लगेच चित्र ठरवून टाकू नका.

पाचवी पायरी: मैत्री आहे का ते बघा

पंचतंत्रातलं रूप आपल्या ओळखीचं. माकडाचं नाव रक्तमुख, मकराचं करालमुख. मकर किनाऱ्यावर येऊन बसतो, माकड त्याला अतिथी मानून जांभळं देतं. रोजच्या गप्पा सुरू होतात, मकर उरलेली जांभळं बायकोला नेतो. ती म्हणते, जो रोज अशी अमृतासारखी फळं खातो त्याचं हृदयही अमृताचंच असणार. मकर नाही म्हणतो तेव्हा तिला संशय येतो की हा मित्र म्हणजे कुणी वानरी आहे आणि नवरा तिच्या नादी लागलाय.

मग मकर माकडाला जे सांगतो ते मला फार घरगुती वाटतं: तुझी वहिनी माझ्यावर चिडली आहे, म्हणते, रोज मित्राचं खातोस आणि एकदाही त्याला घरी आणत नाहीस! हे वाक्य कुठल्याही मराठी घरात ऐकू येईल. जातकातली सुसर हावेला हाक घालते, पंचतंत्रातला मकर पाहुणचाराच्या रीतीला. फसवणूक तीच, पण पहिल्या माकडाची चूक लोभाची आणि दुसऱ्याची चूक भिडेची. हा एक फरक सापडला की पुढचे बरेच आपोआप लागतात. मैत्री नसेल तर शेवटी सुटकेचा आनंद पुरतो. मैत्री असेल तर विश्वासघाताचं काय करायचं हा प्रश्न उरतो, आणि म्हणूनच पंचतंत्रात माकड झाडावर पोचल्यावर गोष्ट संपत नाही. मकर पुन्हा गळ घालतो, माकड त्याला बेडूकराजा गंगदत्ताची गोष्ट सांगतं, मग लंबकर्ण गाढवाची, मग आणखी. मधेच मकराची बायको मेल्याची बातमी येते. घर दुसऱ्या मकराने बळकावल्याची बातमी येते. आणि ज्याने आपल्याला मारायला नेलं त्याला माकड झाडावरून सल्ला देत बसतं. बालपुस्तकांत हा सगळा शेपटीचा भाग कापलेला असतो.

बायकोचं पात्रही तपासा. चौथ्या तंत्रात बायकांच्या बेइमानीच्या गोष्टी एकापाठोपाठ येतात आणि आज त्या वाचवत नाहीत. संपादक त्या गाळतात ते ठीकच. पण त्या गाळताना मकराची बायको नुसती ‘आजारी’ केली जाते आणि संशयाचा सगळा तिढा जातो. पंचतंत्राचंच अरबी रूप असलेल्या ‘कलीला व दिम्ना’मध्ये याची तिसरीच तऱ्हा आहे: नवरा मित्राकडे राहतो म्हणून बायको झुरते, तेव्हा शेजारीण तिला शिकवते की आजाराचं सोंग घे आणि म्हण, माकडाच्या काळजावाचून उतारा नाही. गोष्टीत शेजारीण शिरली की समजावं, सांगणाऱ्याला संसाराचा अनुभव आहे.

सहावी पायरी: चौकट वाचा

चौकट म्हणजे गोष्ट कोण कुणाला कशासाठी सांगतंय, तो शेवटचा रकाना. लहान मुलांना सांगताना आपण म्हणतो, ही हुशार माकडाची गोष्ट. पण पंचतंत्राच्या चौथ्या भागाचं नाव काय? ‘लब्धप्रणाश’, म्हणजे मिळालेलं गमावणं. गमावलं कुणी? मकराने. विष्णुशर्मा अमरशक्ती राजाच्या तीन मुलांना राजनीती शिकवतोय आणि त्यासाठी तो त्यांना माकडाच्या नव्हे, मकराच्या जागी बसवतो: हातात आलेली शिकार बोलण्याच्या नादात कशी सुटते बघा. पाण्याच्या मधोमध बेत सांगून टाकणारा मकर हा तिथला धडा आहे.

जातकात बुद्ध ही गोष्ट जेतवन विहारात सांगतात, त्यांचा वैरी झालेला चुलतभाऊ देवदत्त त्यांच्या जिवावर उठला त्या संदर्भात. शेवटी ओळख पटवली जाते: सुसर म्हणजे देवदत्त, तिची बायको म्हणजे चिंचा (बुद्धांवर खोटा आळ घेणारी बाई), माकड मी. तिथे ऐकणाऱ्याची जागा माकडाशेजारी आहे.

आणि चौकटीचा सगळ्यात नाट्यमय वापर बघायचा तर कोरियात जा. ‘सामगुक सागी’ हा इतिहासग्रंथ ११४५ चा. त्यात ६४२ मधली हकिगत येते: सिल्ला राज्याचा किम चुनचू मदत मागायला गोगुर्योच्या राजाकडे जातो, राजा बदल्यात जमीन मागतो आणि किम नकार देतो तेव्हा त्याला डांबून ठेवतो. किम एका दरबाऱ्याला कापड भेट देऊन वश करतो. तो दरबारी सुटकेचा मार्ग उघड सांगत नाही, कासव आणि सशाची गोष्ट सांगतो. पूर्वसमुद्राच्या नागराजाची मुलगी आजारी, उपाय सशाचं यकृत, कासव सशाला पाठीवर घेऊन निघतं. ससा म्हणतो, मी आतडी-यकृत बाहेर काढून धुतो, ते खडकाखाली राहिलं, परत चल. किमला इशारा कळतो. तो राजाला जमीन परत मिळवून देण्याचं वचन देतो, सुटतो आणि सीमेपलीकडे गेल्यावर वचन विसरतो. पुढे हाच सिल्लाचा राजा झाला. माकड-मगरीच्या गोष्टीने एका माणसाचा जीव वाचवला असं लिहून ठेवलेलं मला दुसरं कुठे सापडलेलं नाही.

कोरियातच पुढे हीच गोष्ट पान्सोरीत, म्हणजे ढोलाच्या साथीने गोष्ट गाऊन सांगण्याच्या प्रकारात आली, तेव्हा कासव राजाचा स्वामिनिष्ठ सेवक झालं. त्याच्याकडे बघून हसू येतं आणि कीवही येते. आपल्याकडच्या मकराच्या वाट्याला एवढी माया कुणी दिलेली नाही.

सातवी पायरी: सबबीचा रकाना भरा

आता माझ्या आवडीचा भाग. गोष्टीतलं सगळ्यात अशक्य वाक्य म्हणजे ‘काळीज घरी राहिलं’. सांगणाऱ्याला ते पाण्यातल्या प्राण्याच्या गळी उतरवायचंय आणि श्रोत्यांनाही क्षणभर ‘हां, असेल बुवा’ वाटायला लावायचंय. म्हणून जो तो आपल्या मुलखात पटेल अशी सबब शोधतो.

जातकातली सबब शरीराची आहे: उड्या मारताना फुटेल. पंचतंत्रातली जपून ठेवण्याची: काळीज जांभळाच्या ढोलीत नेहमीच लपवून ठेवलेलं असतं, आधी सांगितलं असतंस तर वहिनीसाठी घेऊनच आलो असतो. मौल्यवान वस्तू घरी ठेवून प्रवासाला निघणाऱ्या व्यापाऱ्यांच्या समाजात हे सहज पटलं असणार. कोरियातला ससा धुण्याचं कारण देतो. जपानच्या एका प्रसिद्ध रूपात माकडाने यकृत फांदीवर वाळत घातलेलं असतं आणि पाऊस आला तर भिजेल अशी त्याला चिंता! तिथे गोष्ट वळते जेलीफिशकडे. माकडाला आणायला तीच गेली होती आणि तिने त्याला बेत फोडला म्हणून तिला शिक्षा झाली आणि तेव्हापासून तिच्या अंगात हाडं नाहीत.

आणि अरबी? इब्न अल्-मुकफ्फाने आठव्या शतकात पहलवीतून, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेतून, अरबीत आणलेल्या ‘कलीला व दिम्ना’त माकड कासवाला सांगतं: आमच्यात रीत आहे, मित्राच्या घरी पाहुणे म्हणून निघालो की काळीज घरी ठेवून यायचं, म्हणजे त्याच्या घरातल्या बायकांवर नजर पडली तरी काळीज सोबत नसेल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले. शारीरिक कारण गेलं आणि त्या जागी शिष्टाचार आला. ‘हृदय’ हे मनाचंही ठिकाण आहे, या गोष्टीचा इतका चोख उपयोग मला दुसऱ्या कुठल्याही रूपात दिसला नाही.

अवयवाचा रकानाही इथेच ताडून बघा. संस्कृत, पाली, अरबी इथे हृदय, कोरिया-जपानमध्ये यकृत. मराठीत? आपण म्हणतो काळीज. काळीज धडधडतं, काळीज तुटतं, म्हणजे हृदय. पण मटणाच्या दुकानात काळीज मागा, पुडीत यकृत येईल. शब्दही मुळात संस्कृतातल्या यकृताच्याच शब्दावरून आलेला. मराठी सांगणाऱ्याला त्यामुळे निवड करावीच लागत नाही, दोन्ही रूपं एका शब्दात मावतात. मुलांच्या पुस्तकात ‘काळीज’च्या जागी ‘हृदय’ छापतात तेव्हा मला जरा वाईट वाटतं. ‘हृदय झाडावर राहिलं’ हे वाक्य डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटतं.

आठवी पायरी: गोष्टीतली गोष्ट सोबत गेली का ते तपासा

गोष्ट एका भाषेतून दुसरीकडे गेली की नुसता योगायोगाने तोच विचार दोघांना सुचला, हे कसं ओळखायचं? एक खूण उपयोगी पडते. पंचतंत्रात माकड परत यायला नकार देताना लंबकर्ण गाढवाची गोष्ट सांगतं: कोल्हा गाढवाला आजारी सिंहाकडे आणतो, गाढव एकदा पळतं, कोल्हा पुन्हा फसवून आणतो, सिंह मारतो आणि आंघोळीला जातो, तेवढ्यात कोल्हा कान आणि काळीज खातो. सिंहाने जाब विचारला की म्हणतो, याला कान आणि काळीज असतं तर हा परत आला असता का?

आता पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जा. एडवर्ड स्टीअर याने १८७० मध्ये छापलेल्या स्वाहिली कथांमध्ये माकड आणि शार्कची गोष्ट आहे. पाण्यावर झुकलेलं उंबराच्या जातीचं झाड, शार्कांचा आजारी सुलतान, ‘आम्ही काळीज झाडावर ठेवून फिरतो’ ही सबब. आणि सुटल्यावर माकड शार्कला काय सांगतं? परटाच्या गाढवाची गोष्ट, ज्याला ना काळीज ना कान. कणा जुळला तर योगायोग म्हणता येईल. पण कण्याच्या पोटातली दुसरी गोष्ट त्याच जागी जुळली तर गलबतांचा, व्यापाराचा, सांगणाऱ्या माणसांचा माग लागतो.

काही खड्डे, ज्यांत मी पडले

‘मूळ’ शब्द जपून वापरा. जातकाचा क्रमांक २०८ म्हणजे काळाचा क्रम नव्हे, ५४७ गोष्टी गाथांच्या संख्येनुसार लावलेल्या आहेत. ‘पंचतंत्र’ हेही एक पुस्तक नाही. काश्मिरी ‘तंत्राख्यायिका’ वेगळी, जैन साधू पूर्णभद्राने ११९९ मध्ये सिद्ध केलेली प्रत वेगळी. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तही पंचतंत्राच्या गोष्टी येतात आणि तिथे माकड उंबरावर आहे, जांभळावर नाही. संस्कृतचे अमेरिकी अभ्यासक फ्रँकलिन एजर्टन यांनी १९२४ मध्ये सगळ्या रूपांवरून जुनं पंचतंत्र जुळवण्याचा प्रयत्न केला, पण तेही जुळवलेलंच, सापडलेलं नव्हे.

‘हितोपदेशा’त ही गोष्ट शोधत बसू नका. तो रचणाऱ्या नारायणाने पंचतंत्राच्या पाचाचे चार भाग केले आणि लब्धप्रणाशाची चौकट त्यात घेतली नाही. माझे दोन रविवार यात गेले.

आणि मुखपृष्ठावर ‘पंचतंत्र’ छापलंय म्हणून आतली गोष्ट पंचतंत्रातली असेलच असं नाही. झाड उंबराचं आहे की जांभळाचं, आधी मैत्री झाली की थेट आमिष, एवढं बघितलं तरी पुस्तकवाल्याने गोष्ट कुठून उचलली याचा अंदाज येतो. कधी कधी दोन्हींची खिचडी असते. तीही नोंदवायची.

कुठून सुरू करावं

सुंसुमार जातक आधी वाचा, दोन-तीन पानांत संपतं. मराठीत दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने जातकं आणली आहेत, ती ग्रंथालयात मिळतात. मग पंचतंत्राचं चौथं तंत्र न कापलेल्या मराठी अनुवादात, म्हणजे आतल्या सगळ्या गोष्टींसकट. तिसऱ्या क्रमांकाला अरबी रूप, इंग्रजी किंवा हिंदी अनुवादातून. कोरिया, जपान, आफ्रिका नंतर. एका बैठकीत एकच रूप वाचायचं आणि लगेच रकाने भरायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी कासव आणि मकर डोक्यात एकमेकांच्या पाठीवर बसलेले असतात.

पुस्तकांइतकीच घरातली माणसं विचारा. आई, सासूबाई, शेजारचे आजोबा, प्रत्येकाला ‘मला माहीत नाही’ असं भासवून सांगायला लावा. मधे दुरुस्ती करायची नाही. माझ्या सासूबाईंच्या गोष्टीत झाड आंब्याचं निघालं आणि माकडीण गरोदर होती. ते कुठून आलं हे त्यांनाही सांगता आलं नाही.

भाचीलाही मी परवा सांगायला लावली. तिच्या गोष्टीत मगरीचा बॉस आहे, त्याला काळीज हवंय. माकड पाठीवर बसतं, मध्यावर त्याला कळतं. मी वही उघडून सबबीच्या रकान्याशी पेन धरून बसले होते. माकड म्हणालं, "अरे, काळीज तर मी घरी चार्जिंगला लावलंय!" आणि मगर, जी एवढी बावळट नसते, ती लगेच मागे वळली.